इमारतीला सभा आहे, गल्लीला नाही

पुण्यात कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर किंवा सहकारनगरात आज कुठल्याही गल्लीत शिरलात तर एक तरी इमारत पत्र्याआड गेलेली दिसते आणि तिची शेजारीण त्याच वाटेवर असते. 1970-80 च्या दशकांत बांधलेल्या तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या सोसायट्या पडताहेत आणि त्यांच्या जागी दहा-बारा मजले चढताहेत. पुनर्विकास आता इतका अंगवळणी पडलाय की लग्नकार्यात भेटलेले नातेवाईक प्रकृतीच्या आधी विचारतात, "तुमचं रिडेव्हलपमेंटला गेलं का?" आणि उत्तर येण्याआधीच, "किती टक्के जास्त मिळतंय?"

त्या टक्क्यांना मी नावं ठेवणार नाही. गुडघे धरून तिसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी चढवणाऱ्या माणसाला लिफ्टचं मोल विचारा. गळके पाईप, ओल धरलेल्या भिंती आणि गच्चीवर दर पावसाळ्यात पसरावं लागणारं प्लॅस्टिक यांत जपून ठेवण्यासारखं काही नाही. माझी तक्रार निराळी आहे. एक इमारत बदलायची तर कायद्याने सभा लागते. अख्खी गल्ली बदलायची तर काहीच लागत नाही.

सोसायटीच्या पुनर्विकासाची पद्धत एकदा नीट बघण्यासारखी आहे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79-अ खाली सरकारने 2009 मध्ये पहिले निर्देश काढले आणि 4 जुलै 2019 ला ते सुधारले. विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस 14 दिवस आधी द्यायची. दोन तृतीयांश सभासद हजर असल्याशिवाय सभा चालत नाही. एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती लागते. सभेचं व्हिडिओ चित्रण करायचं, आणि विकसक निवडायच्या सभेला निबंधकांचा अधिकारी हजर हवा. या साऱ्याला वैतागणारे सेक्रेटरी मी पाहिलेत. रात्री अकरा वाजेपर्यंत हॉलच्या खिडकीची दिशा, कॉर्पस (म्हणजे विकसकाकडून मिळणारा निधी), तळमजल्यावरच्या सभासदाला मिळणारा मजला यांवरून वादावादी चालते. चालू द्यावी. माणसाचं राहतं घर पाडायचं म्हटल्यावर त्याला बोलायला, विचारायला आणि विरोध करायला जागा हवी, हे कायद्याने ओळखलंय.

आता जरा फाटकाबाहेर या. एका गल्लीत दहा सोसायट्या आणि प्रत्येकीत बारा बिऱ्हाडं धरली तर झाली 120 घरं. पुनर्विकासानंतर प्रत्येक इमारतीत छत्तीस घरं झाली तर 360. दहाही सभा रीतसर झाल्या, दहा वेळा व्हिडिओ चित्रण झालं, दहा वेळा पेढे वाटले गेले. पण 360 घरांचं सांडपाणी त्याच जुन्या ड्रेनेजच्या लाईनीतून जाणार आहे, पाणी त्याच नळातून येणार आहे आणि गाड्या त्याच रस्त्यावर उतरणार आहेत. हे सगळं एकत्र मांडून "चालेल का?" असं विचारणारी बैठक कुठेच झाली नाही. नकाशा मंजूर करताना महापालिका एकेक भूखंड बघते. बिल्डर आपला प्लॉट बघतो, सभासद आपला कार्पेट एरिया. गल्ली अशी कुणाच्याच कागदावर नसते.

गल्लीबद्दल बोलणारी माणसं मात्र आहेत. ती अमृततुल्यच्या बाकड्यावर, पिठाच्या गिरणीसमोर, सकाळी टेकडीवरून उतरताना आणि संध्याकाळी शाळेच्या बसची वाट बघताना बोलतात. आपल्याकडे या बोलण्याला गप्पा म्हणतात आणि तिथेच सोडून देतात. जरा कान देऊन ऐकलं तर त्यांत भरपूर ऐवज असतो.

"अहो, चार नंबरच्या बेसमेंटचं खोदकाम सुरू झालंय ना, तेव्हापासून आमची बोअर बंद पडलीये."

"पडणारच. पंप लावून रात्रंदिवस पाणी उपसताहेत. बघा की, चेंबरपर्यंत ओघळ गेलाय."

"आणि पाणी किती स्वच्छ! आम्ही इकडे टँकर मागवतोय."

"काका, तिथे पूर्वी विहीर होती. मी लहानपणी बघितलीये. बुजवली."

या चार वाक्यांत जे आहे ते कुठल्याही नकाशात सापडणार नाही. विहीर कुठे होती, भूजल किती वर आहे, ते उपसल्यावर कुणाची बोअर आटते आणि उपसलेलं पाणी कुठे जातं, हे सगळं त्यांत आहे. खोदाईच्या खड्ड्यातून उपसून पावसाळी गटारात सोडलेलं हे पाणी आता पुण्यात नवलाचं राहिलेलं नाही. नळाचं पाणी दिवसाआड आलं तरी हे उपसलेलं पाणी मात्र रस्त्याच्या कडेने वाहायचं थांबत नाही. चहा पिणाऱ्या चौघांना हे कळलंय. त्यांनी ते सांगावं कुणाला? पाणीपुरवठा विभागाला? भूजल त्याच्याकडे नाही. बांधकाम विभागाला? परवानगी रीतसर आहे. नगरसेवकाला? त्याच्याकडे येऊ या, पण आधी झाडाचं बोलू.

शहरातलं मोठं झाड तोडायचं तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी खोडाला एक कागद लावतात, चिकटपट्टीने नाहीतर सुतळीने. एका पावसात त्याची शाई उतरते. उरलेलं वाचायला मान वाकडी करून खोडाला अर्धी प्रदक्षिणा घालावी लागते. तरी हा कागद मला मोलाचा वाटतो. गल्लीत होणाऱ्या बदलाबद्दल सभासद नसलेल्या माणसालाही "तुमचं काही म्हणणं आहे का?" असं विचारणारा, प्रत्यक्ष गल्लीत दिसणारा तो जवळजवळ एकमेव कागद आहे. झाडासाठी शेजाऱ्याला विचारतात. अकरा मजल्यांसाठी विचारत नाहीत.

गप्पांतलं शहाणपण वाया गेलं की काय होतं, याचे दाखले पुण्याने अलीकडेच पाहिलेत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूला पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर, सहकारनगरच्या घरांत शिरला. शहरात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली. या ओढ्याचा प्रवाह पेशवाईत वळवला गेला होता हे पुण्याच्या इतिहासाची आवड असलेला कुणीही सांगेल. पण त्याचं पात्र अलीकडे कुठे अरुंद झालं, कुठे भिंत आली, कुठल्या मोरीत कचरा अडकतो, हे ओढ्याकाठच्या बायकांनी पावसाळ्यामागून पावसाळे पाहिलेलं होतं. त्यानंतर 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून सुमारे 35 हजार क्युसेक पाणी सुटलं आणि पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतले लोक उठले ते पार्किंगमध्ये पाणी चढताना बघायला. पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघे गेले.

पुणेकराचं पूरमापन साधं आहे: नदीपात्रातला कमी उंचीचा भिडे पूल पाण्याखाली गेला का? तो गेला की पुढचा अंदाज नदीकाठच्या लोकांना येतो. कुठल्या विसर्गाला आपल्या कुठल्या पायरीला पाणी लागतं हे ते बोटावर सांगतात, कारण 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर पाहिलेल्या आजी-आजोबांकडून आलेली ती शिकवण आहे. धरणाच्या आकड्याशी या पायरीची सांगड घालणारी यंत्रणा मात्र नाही. ती उभी करायला कोट्यवधींचं यंत्र लागणार नाही. पावसाळ्याआधी नदीकाठच्या प्रत्येक भागात एक सभा आणि त्या सभेचं इतिवृत्त लागेल.

हे वाचून कुणी म्हणेल, पुण्यात सभांना काय तोटा? इथे दोन माणसं भेटली की तिसऱ्याला अध्यक्ष करून सभा भरते. खरंय. टेकडीसाठी मोर्चे निघतात, नदीकाठासाठी मानवी साखळ्या होतात, वेताळ टेकडीवरच्या नियोजित रस्त्याविरुद्ध हजारो लोक उतरतात. पण या सगळ्या सभा विरोधाच्या असतात आणि निर्णय झाल्यावर भरतात. निर्णयाआधी, अजून काहीच ठरलेलं नसताना, भांडणाची वेळ आलेली नसताना, शेजाऱ्यांनी बसून आपल्या भागाचा विचार करायची रीत आपल्याकडे नाही.

2020 चं एक प्रकरण आठवतं. करोनाचे दिवस होते, लोक दारं लावून घरात बसले होते, आणि महापालिकेत 6 मीटर रुंदीचे 323 रस्ते 9 मीटर करायचा प्रस्ताव पुढे आला. कारण उघड होतं. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, वापरता येत नव्हता, त्यामुळे तिथले पुनर्विकास अडले होते. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं होतं की अग्निशमनची गाडी तरी आत शिरेल. विरोधकांचं म्हणणं होतं की हे रुंदीकरण बिल्डरांसाठी चाललंय. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं. राजकीय पक्षांनी आपापली बाजू धरली आणि वर्तमानपत्रांत काही दिवस गदारोळ झाला. पण 323 पैकी एका तरी रस्त्यावर, तिथल्या माणसांना बोलावून, "तुमच्या दोन्ही बाजूंची दीड-दीड मीटर जागा जाईल, त्या बदल्यात हे होईल आणि ते होईल, बोला" असं कुणी विचारलं असतं तर? मला खात्री आहे, काही गल्ल्यांनी होकार दिला असता. सगळ्यांनी नकारच दिला असता असं मानणं हे रहिवाशांना मूर्ख समजणं आहे.

आता गावांकडे बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. 2017 मध्ये 11 आणि 2021 च्या जूनअखेरीस आणखी 23 गावं पुणे महापालिकेत आली. गाव असताना तिथे ग्रामसभा होती. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा राज्यभरात ठाऊक आहेत. ग्रामसभा नेहमी छान चालते असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. गणसंख्येअभावी तहकूब झालेल्या, सरपंचाच्या भाऊबंदांनी गुंडाळलेल्या ग्रामसभा सर्वांनी पाहिल्यात. पण ती कायद्याने आहे. कुणीही मतदार उठून "विहिरीच्या गाळाचे पैसे कुठे गेले?" असं विचारू शकतो आणि ते इतिवृत्तात येतं. महापालिकेत आल्यावर ही सभा गेली. त्याच्या जागी काय आलं? मिळकतकराची पावती आली. आणि 2022 च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक बसल्यावर जवळजवळ चार वर्षं सबंध शहरातच नगरसेवक नव्हता. म्हणजे ज्या माणसाला ग्रामसभेत सरपंचाला जाब विचारता येत होता, तो शहरी झाल्यावर निव्वळ तक्रार क्रमांकाचा धनी झाला. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं पुन्हा महापालिकेबाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली, यामागे कर आणि राजकारण होतं हे मान्य. पण महापालिकेत राहून आपलं ऐकणारं कुणी नाही, हा सूरही तिथल्या माणसांच्या बोलण्यात होता.

आणि आता मुद्द्याची गोष्ट: शहरी ग्रामसभेचा कायदा महाराष्ट्रात आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांच्या वरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. त्याच्याही खाली, काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग करून तिथल्या सर्व मतदारांची 'क्षेत्रसभा' भरवावी, तिचं अध्यक्षपद नगरसेवकाकडे असावं, अशी तरतूद 2009 मध्ये महापालिका अधिनियमात घातली गेली. ती का घातली गेली? केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेतून, म्हणजे जेएनएनयूआरएममधून, पैसे हवे होते आणि लोकसहभागाचा कायदा करणं ही त्या योजनेची अट होती. पैसे आले, बसगाड्या आल्या, कायदा पुस्तकात राहिला. एखाद्या उत्साही नगरसेवकाने हौसेने क्षेत्रसभा घेतली असेल, पण ती रीत झाली नाही. रस्त्यावर दहा जणांना विचारा, क्षेत्रसभा म्हणजे काय? नऊ जण म्हणतील, क्षेत्रीय कार्यालयात असते ती का?

का झाली नाही याचं उत्तर अवघड नाही. नगरसेवकाला ती नको आहे. प्रभागात त्याचं संपर्क कार्यालय असतं, तिथे माणूस एकेकटा येतो, काम सांगतो, होऊन जातं, उपकार राहतात. तीच माणसं शंभराच्या संख्येने समोर बसली की उपकाराचं रूपांतर हिशेबाच्या प्रश्नात होतं. शिवाय आता एका प्रभागात चार-चार नगरसेवक आहेत. 2026 च्या जानेवारीत झालेल्या निवडणुकीत पुण्यात 41 प्रभागांतून 165 जण निवडून आले. एका प्रभागाची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसारही सरासरी 80 हजारांच्या पुढे जाते. चेंबर तुंबलं तर चौघांपैकी कुणाला फोन करायचा? पहिला दुसऱ्याचं नाव सांगतो, दुसरा म्हणतो ते काम तिसऱ्याच्या निधीतून धरलंय. फलकावर मात्र चौघांचेही फोटो असतात.

इथे कट्ट्यावरच्या गप्पांचीही झाडाझडती घ्यायला हवी. नाहीतर हा लेख म्हणजे रहिवासी तेवढे शहाणे आणि बाकी सगळे लबाड असा होईल. कट्ट्यावर निम्मं बोलणं हळहळीचं असतं. "पूर्वीचं पुणं राहिलं नाही" हे वाक्य तर पूर्वीच्या पुण्यातही बोललं जात असणार. आणि त्या हळहळीच्या पोटात एक आडवळणाची गोष्ट दडलेली असते: "बाहेरचे आले आणि बिघडलं." हे बाहेरचे कोण? कोथरूडमध्ये असं म्हणणारे काका स्वतः 1978 साली पेठेतून नाहीतर साताऱ्याहून आलेले असतात. त्यांनी फ्लॅट घेतला तेव्हा तिथल्या शेतकऱ्याला तेच बाहेरचे होते. आज आयटीतली मुलं भाड्याने राहतात, चौघं मिळून एक फ्लॅट घेतात, रात्री दोनला जेवण मागवतात. ती काकांना बाहेरची वाटतात. सोसायटीच्या सभेत या मुलांना जागा नाही कारण ती भाडेकरू आहेत. त्यांना पाण्याची, रस्त्याची, दिव्यांची गरज सभासदाइतकीच आहे.

आणि इस्त्रीवाला. जुन्या सोसायटीत जिन्याखाली नाहीतर साइड मार्जिनमध्ये एक टेबल, त्यावर जुनी चादर, लोखंडी इस्त्री, मागे दोरीवर कुणाचे शर्ट आणि कुणाची साडी. कुठला शर्ट कुणाचा हे तो न विचारता ओळखतो. कुठल्या घरात आजारपण आहे हेही त्याला कपड्यांवरून कळतं. पुनर्विकासाला इमारत गेली की ती माणसं भाडं घेऊन तीन वर्षं दुसरीकडे जातात, आणि याचं गिऱ्हाईक एका महिन्यात पांगतं. त्याला ना भाडं, ना कॉर्पस, ना नव्या इमारतीत जिन्याखालची जागा, कारण नव्या इमारतीत जिन्याखाली मीटर रूम असते आणि साइड मार्जिनमधून अग्निशमनची गाडी फिरायची असते. (ते बरोबरच आहे. पण कुठेतरी एक टेबल बसवता आलं असतं.) घरकाम करणाऱ्या मावशींचंही तेच. एकाच इमारतीतली चार कामं एका दिवसात सुटतात. सुतारदरा किंवा किष्किंधानगरातून चालत येणाऱ्या या बाईला कुठल्याच विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस येत नाही.

म्हणूनच सोसायट्यांचे महासंघ, रहिवासी संघ यांच्यावर मी विसंबून नाही. ते चांगलं काम करतात, चिकाटीने अर्ज करतात, माहिती अधिकारात कागद काढतात. पण तिथे मालकांचा आवाज चालतो आणि मालकांतही निवृत्त, मोकळा वेळ असलेल्या पुरुषांचा. क्षेत्रसभेची सभासद-यादी म्हणजे मतदार यादी. तिथे मावशी आणि तिच्या मालकीणबाई दोघी एकेका मताच्या. भाडेकरू मुलांनी इथे नाव नोंदवलं असेल तर तीही. यातही फटी आहेत. इस्त्रीवाल्याचं नाव बहुधा गावाकडच्या यादीत असतं, आणि मतदान केंद्रांच्या हद्दी अशा आखता येतात की वस्ती एका सभेत आणि सोसायट्या दुसऱ्या सभेत. पण मालकीच्या कागदापेक्षा मताचा कागद हा जास्त रुंद दरवाजा आहे, एवढं नक्की.

व्हॉट्सॲपचं काय, असं कुणी विचारेल. प्रत्येक गल्लीचा ग्रुप आहे, नगरसेवकांचे ग्रुप आहेत, त्यांतून खड्डे बुजतात, दिवे लागतात. खड्ड्यासाठी ते उत्तमच. पण गल्लीत अजून दहा इमारती पडू द्यायच्या का, रस्ता रुंद करायचा का, हे ग्रुपवर ठरत नाही. तिथे सकाळच्या सुप्रभातपासून रात्रीच्या हरवलेल्या मांजरापर्यंत सगळं एका रांगेत वाहून जातं. कुणी काय म्हणालं त्याला उत्तर द्यायचं बंधन कुणावर नसतं, आणि वाद वाढला की ॲडमिन ग्रुप बंद करतो.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे आणि तो मला पटतोही. सभा द्याल तर लोक प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतील. मेट्रोला नाही, पुलाला नाही, कचरा प्रकल्पाला तर कधीच हो नाही. माझ्या दारात नको, पुढच्या गल्लीत चालेल, हा स्वभाव पुण्यात आहे आणि सुखवस्तू भागांत जास्त आहे. क्षेत्रसभेला नकाराधिकार दिला तर शहर थांबेल. म्हणून तो देऊ नये. सभेला दोन गोष्टी मिळाव्यात: आधी कळण्याचा हक्क आणि लेखी उत्तराचा हक्क. पुढच्या वर्षात या भागात किती पुनर्विकासांना परवानगी दिली जाणार, त्यासाठी पाणी-ड्रेनेजचं काय नियोजन आहे, कुठला रस्ता खणला जाणार, हे वर्षातून दोनदा समोर येऊन सांगावं. सभेने जे मांडलं त्याला "होईल", "होणार नाही", "या कारणाने होणार नाही" असं महिन्याभरात लेखी कळवावं. नकार मिळाला तरी चालेल. नकाराचं कारण मिळालेला माणूस आणि नुसताच दुर्लक्षिलेला माणूस यांच्या रागात फरक असतो.

पैशाचं एक कलम यात घातलं तर सभेला माणसं येतील. वाढीव बांधकामासाठी विकसक महापालिकेला प्रीमियम आणि विकास शुल्क भरतो. हा पैसा गल्लीच्या पोटावर ताण टाकून मिळतो आणि शहराच्या तिजोरीत जाऊन मिसळतो. त्यातला ठरावीक वाटा त्याच भागाच्या नळ, गटार आणि पदपथावर खर्च व्हावा आणि त्याचा क्रम क्षेत्रसभेने लावावा. पुण्याला ही कल्पना परकी नाही. अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायची पद्धत इथे 2006 पासून आहे. पण तिथे अर्ज एकेकट्याने भरायचा असतो. शेजाऱ्याने काय मागितलं हे कळत नाही, त्यामुळे एकाच रस्त्यावर एकाने बाक मागितलेलं असतं आणि दुसऱ्याने तेच बाक हटवायला सांगितलेलं असतं.

आता नवं सभागृह आलंय. कायदा आहे, यादी आहे, शाळांचे वर्ग रविवारी रिकामे आहेत. अडचण एकच दिसते आणि ती खरीखुरी आहे: एका प्रभागात चार नगरसेवक असतील तर सभेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं कुणी? 2009 चा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात एक प्रभाग-एक नगरसेवक हे चित्र होतं. प्रभागाचे भाग पाडून एकेक भाग एकेकाच्या गळ्यात घालता येईल, किंवा पाळीपाळीने चौघांनी बसावं. मला पहिला मार्ग बरा वाटतो. त्यात निदान चेंबर तुंबल्यावर कुणाला फोन करायचा हे ठरतं. कुठलाही मार्ग धरा, पण तो मे महिन्याच्या आत धरा, कारण जूनमध्ये ओढे भरतात आणि बेसमेंटचे खड्डेही.